हजेरीपटावरून गळलेल्या मैत्रिणी

२०२५ सालचा मे महिना. कुरडयांचा चीक घोटत होते आणि फोन वाजला. हात भरलेले, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाला लावून दिला. पलीकडून पुरुषी आवाज आला, "ओळखलं का? तुमच्या मागच्या बाकावर... म्हणजे तुझ्या मागच्या बाकावर बसायचो मी!" पन्नास वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्राला अहो म्हणावे की अरे, हे त्यालाही कळेना आणि मलाही. सून मात्र तोंडाला पदर लावून हसत होती.

काम असे होते की, आमच्या दहावीला पन्नास वर्षे झाली. मेळावा भरवायचा. व्हॉट्सॲपवर गट निघाला होता, त्यात एकतीस जण जमले होते. हे एकतीसच्या एकतीस पुरुष. "मुलींचे नंबर काही मिळत नाहीत बघ. तेवढं तुझ्याकडे," असे सांगून त्याने फोन ठेवला.

ज्यांनी १९७५ साली परीक्षा दिली, त्यांना आठवत असेल. ते वर्ष म्हणजे एकाच मांडवात दोन लग्ने. जुन्या अकरावीची शेवटची तुकडी त्याच साली बसली आणि नव्या दहावीची पहिली तुकडीही त्याच साली. आम्ही नव्या दहावीच्या. नवे गणित, नवी पुस्तके, शिकवणारे सरसुद्धा आदल्या रात्री वाचून येत असावेत अशी आम्हांला शंका. अशा या तुकड्यांचे मेळावे २०२५ साली गावोगावी भरले. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, तालुक्याचे. तिथेही भरायचा होता.

मुलगे सापडतात, मुली का सापडत नाहीत?

मी वही घेऊन बसले आणि आठवतील तेवढ्या मुलींची नावे लिहिली. नावे आठवली, पण माहेरची! त्या नावाने आता कोणाला शोधायचे? मुलगा पुण्यात गेला काय, मुंबईत गेला काय, त्याचे नाव तेच, आडनाव तेच. मुलीचे मात्र बापाचे नाव जाते, आडनाव जाते आणि कितीतरी घरांत पाळण्यातले नावही जाते. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहिले की पहिली मुलगी पुसली. माझ्या स्वतःच्या नावाचे तसेच झाले आहे. माहेरी गेल्यावर म्हातारी शेजारीण हाक मारते तेव्हा कुठे मला माझे जुने नाव ऐकू येते.

आता थोडे बदलते आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, असा नियम महाराष्ट्र सरकारने केला. आपल्या नातवंडांच्या दाखल्यावर सुनेचे नाव येईल याचा मला मनापासून आनंद आहे. पण आमच्या वेळच्या मुलींना शोधायला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग मी आपला बायकी मार्ग धरला. माहेरच्या गावी चार दिवस जाऊन राहिले. पहिला धडा असा मिळाला की, भावाला विचारू नये, भावजयीला विचारावे. बहिणीचा फोन नंबर भावाला पाठ नसतो. भावजयीला तिच्या सासरचे गाव, मुलांची लग्ने, गुडघ्याचे ऑपरेशन, सगळे ठाऊक असते. दुसरा धडा आमच्या गावच्या कासाराच्या घरी मिळाला. त्यांची म्हातारी लग्नाचे चुडे भरायला घरोघर गेलेली. कोणती मुलगी कोणत्या गावी दिली हे तिने बसल्या जागी सांगितले. आठ दिवसांत दहावीच्या नऊपैकी सात मुली सापडल्या. एक देवाघरी गेलेली. नववी मी.

खुशीत मी गटावर लिहिले, "मुली सापडल्या!" त्यावर एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, "अगं, नऊच कशा? आठवीत आपल्या बाकांवर तिघी-तिघी दाटीने बसत होतो ना?"

ते खरे होते. मला आठवले आणि त्या रात्री झोप लागेना.

रजिस्टर उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. सध्याचे हेडमास्तर आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आमच्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांनी क्लार्कला सांगून जुने जनरल रजिस्टर काढून दिले. शाळेत पाऊल ठेवलेल्या प्रत्येक मुलामुलीची नोंद या रजिस्टरात असते आणि ते कायमचे जपून ठेवायचे असते. कापडी बांधणीचे, कडा वाळवीने खाल्लेले, पण अक्षर मोत्यासारखे. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शाळा सोडण्याचे कारण.

आम्ही बोटाने ओळी मोजल्या. १९७२ च्या जूनमध्ये आठवीत तेवीस मुली होत्या. दहावीच्या परीक्षेला नऊ बसल्या. मधल्या चौदा जणी कुठे गेल्या?

मैत्रिणींनो, १९७२ साल म्हटले की आमच्या भागातल्या बाईच्या अंगावर अजून काटा येतो. मराठवाडा, नगर, सोलापूर, सगळीकडे तो मोठा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, रेशनवर लाल मिलो मिळायचा. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुलांच्या हातावर सुकडी पडायची. घरातला प्रत्येक हात कामाला हवा होता आणि शाळेतून पहिला हात काढला गेला तो मुलीचा. चौदांपैकी आठ जणी त्या एकाच वर्षात गेल्या होत्या.

कारणाच्या रकान्यात मात्र दुष्काळाचे नाव नाही. "पालकांच्या विनंतीवरून." "सतत गैरहजर." "परगावी गेल्यामुळे." दोघींपुढे "लग्न झाल्यामुळे." त्या वेळी कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय पंधरा होते. ते अठरा झाले १९७८ साली. आमच्या या दोघी पंधराच्याही नव्हत्या. आणि सगळ्यांच्या वर्तणुकीच्या रकान्यात एकच शब्द होता, "चांगली."

त्यात एक नाव माझ्या शेजारच्या मुलीचे होते. ते इथे लिहीत नाही, तिला आवडेल न आवडेल. गावापासून दोन मैलांवरच्या वस्तीवरून ती चालत यायची. गणितात पहिली. पाढे नाहीत, पावकी-निमकीसुद्धा तोंडपाठ. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. बाईंनी आठ दिवस हजेरीत तिचे नाव घेतले, मग नाव घेणे बंद झाले. मी काय केले? काही नाही. दोन मैल चालून एकदाही तिच्या घरी गेले नाही. तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसली आणि आम्ही तिघीच्या जागी दोघी झालो तेव्हा ऐसपैस बसायला मिळाले म्हणून मला बरेच वाटले होते. खोटे कशाला बोलू?

मेळावा कोणाचा?

आम्ही गटावर सुचवले की या चौदा जणींनाही बोलावू. झाले! चर्चा पेटली. एकाने लिहिले, "मेळावा १९७५ च्या दहावीचा आहे. जे परीक्षेला बसले नाहीत ते आपल्या बॅचचे कसे?" दुसऱ्याने विचारले, "त्यांना तरी येऊन काय वाटेल? सगळे नोकरीचं, पेन्शनचं बोलणार. त्यांना कमीपणा वाटायचा." हा दुसरा माणूस मनाने चांगला आहे. त्याचे म्हणणे अगदी टाकाऊ नव्हते. मीही दोन दिवस विचारात पडले.

शेवटी आम्ही आमच्या आठवीच्या वर्गशिक्षिकांकडे गेलो. बाई आता सत्त्याहत्तर वर्षांच्या. कमरेत वाकल्या आहेत, पण नजर तीच. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मी रोज सकाळी हजेरी घेत होते, तेव्हा ही पुढे दहावी होणार, ही नाही होणार, असं बघून घेत नव्हते. माझ्या वर्गात तेवीस मुली होत्या. तुम्हांला नऊच बोलवायच्या असतील तर मला बोलवू नका."

बाईंपुढे कोण बोलणार? कमिटीने मुकाट्याने ठराव बदलला. आणि एकदा मुलींचे दार उघडल्यावर मधेच शाळा सुटलेल्या अकरा मुलग्यांचीही नावे निघाली. त्यांचीही कोणाला आठवण नव्हती.

तारखेवरून पुन्हा वाद. पुरुषमंडळींना २६ जानेवारी हवी होती. आम्ही म्हटले, बाई माहेरी केव्हा येते? भाऊबीजेला. भाऊबीजेनंतरचा रविवार धरा. शाळेला दिवाळीची सुट्टी, वर्ग रिकामे आणि कोणीला वेगळी परवानगी मागायला नको. हे म्हणणे लगेच पटले, कारण घरी जाऊन त्यांनी आपापल्या बायकांना विचारले होते!

आठवण कोणाची ठेवायची?

मला चार शब्द बोलायला सांगितले होते, म्हणून मी जरा जुने वाचत बसले. आपल्याकडे ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती बालिका दिन म्हणून शाळाशाळांत होते. कपाळाला आडवी चिरी, डोक्यावर पदर, अशा छोट्या सावित्रीबाई बघून डोळे निवतात. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंनी तिथे शिकवले, हे आता पोरासोरांना पाठ आहे. २०२३ च्या डिसेंबरात तिथले जुने बांधकाम स्मारकासाठी पाडण्यात आले. पण त्या शाळेत शिकायला आलेल्या मुली कोण? सावित्रीबाईंच्या चरित्रांत पहिल्या सहा मुलींची नावे दिलेली आढळतात: अन्नपूर्णा जोशी, सुमती मोकाशी, दुर्गा देशमुख, माधवी थत्ते, सोनू पवार, जनी कर्डिले. मी ती मोठ्याने वाचली. आपल्या हजेरीपटासारखीच वाटली. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिने लिहिले म्हणून ती राहिली.

दुसरी गोष्ट रमाबाई रानड्यांची. लग्न झाले १८७३ साली, वय अकरा. अक्षरओळख लग्नानंतर, नवऱ्याकडून. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवे म्हणून सभा भरली तेव्हा गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून मागणे वाचून दाखवले. घरी आल्यावर शाबासकी तर सोडाच, वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खावी लागली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्यांनी हे दिवस लिहून ठेवले आहेत. पण हायस्कूल निघाले. १८८४ सालचे ते हायस्कूल म्हणजे पुण्याची हुजूरपागा. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर मुलींची शाळा! ती आजही भरते.

आणि मला सगळ्यांत आवडली ती पुढची गोष्ट. याच रमाबाईंनी १९०९ पासून पुण्यात सेवासदन चालवले. ज्यांची शाळा हुकली होती अशा मोठ्या बायका, विधवा, लग्न झालेल्या, यांना तिथे शिकता आले. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी नर्स. म्हणजे शाळा मागणाऱ्या बाईनेच शाळा हुकलेल्यांचीही आठवण ठेवली होती. स्वतः लग्नानंतर अक्षर गिरवलेली ती. तिला ते कळणारच.

हजर!

माझ्या शेजारणीला बोलवायला मी स्वतः गेले. दोन मैल नव्हे, आता ती चाळीस मैलांवर सासरी. ऊसतोडीची, शेतमजुरीची वर्षे गेली, मुलगा आता ट्रॅक्टर चालवतो. मला बघून ओळखलेच नाही. ओळख पटल्यावर म्हणाली, "मी कशाला येऊ गं? मी काय पास झाले न्हाई. माझं नाव तरी हाय का तिथं?"

मी म्हटलं, "नाव आहे. मी बघून आलेय. वर्तणूक चांगली असं लिहिलंय."

ती हसली. मग सांगू लागली. शाळा सुटल्यावर ती आईबरोबर खडी फोडायला गेली. मुकादम खडीचे ढीग मोजायचा आणि ब्रासचा हिशेब करायचा. तिने मनातल्या मनात लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार केला आणि त्याची चूक काढली. मुकादमाने आधी दटावले, मग दुसऱ्या दिवसापासून गुपचूप तिलाच विचारू लागला. "आठवीतलं गणित तेवढंच कामाला आलं," ती म्हणाली.

मेळाव्याला ती नातीला घेऊन आली. चौदांपैकी सहा जणी आल्या. तिघी गेलेल्या, चौघींचा पत्ता लागला नाही, एकीला घरून सोडले नाही. सासष्टाव्या वर्षीही सोडले नाही, हे मुद्दाम लिहिते.

बाईंनी आठवीचा हजेरीपट वाचला. रजिस्टरातून आम्ही तो माहेरच्या नावांनी उतरवून घेतला होता. एकेक नाव आले की एकेक आवाज उठायचा. "हजर, बाई!" जी नव्हती तिच्या नावापाशी बाई जरा थांबायच्या. माझ्या शेजारणीचे नाव आले तेव्हा ती उठूनच उभी राहिली, आजीला काय झाले म्हणून नात बघतच राहिली. नातीला आजीचे पाळण्यातले नाव ठाऊकच नव्हते.

पुढची गंमत अशी. आमच्या शेजारणीने शाळा सोडल्याचा दाखला कधी नेलाच नव्हता. आधारकार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी, कारण विचारले तेव्हा सांगता आली नाही. रजिस्टरात १ जून, कारण आमच्या वेळचे गुरुजी अर्ध्या गावाला १ जूनचाच जन्म देत. आणि तिची आई सांगायची की नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाली. म्हणजे एका बाईचे तीन वाढदिवस! "तिन्ही करू," नात म्हणाली. सुट्टीनंतर हेडमास्तरांनी रीतसर अर्ज घेऊन दाखला दिला. तो तिने फ्रेम करून लावला आहे.

आजचे काय?

मेळावा झाला, जिलब्या संपल्या. पण घरी आल्यावर मनात आले की, हे सारे पन्नास वर्षांपूर्वीचे आहे असे म्हणून सुटका आहे का? २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे पाचांत एकीहून जास्त. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा किती मुली शाळेकडे परत फिरकल्या नाहीत, हे आपण आपल्या आजूबाजूला पाहिले आहे. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईची मुलगी शाळेत जाते का? नात ज्या वर्गात आहे, तिच्या बाकावरची मुलगी आठ दिवस आली नाही, तर कोणी चौकशी केली का? मी केली नव्हती. म्हणून विचारते.

आणि जिची शाळा सुटली, तिच्यासाठी दार अगदी बंद झालेले नाही. दहावीला बाहेरून बसण्यासाठी बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. वय चौदा पूर्ण आणि निदान पाचवी पास एवढी मूळ अट. वरच्या वयाला मर्यादा नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याच्या तारखा बोर्ड दरवर्षी जाहीर करते. जवळच्या हायस्कूलच्या क्लार्कला विचारले की तो सांगतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो नेलेला नसेल तर आपल्या जुन्या शाळेत जनरल रजिस्टरावरून मिळतो.

तुमच्या शाळेचा मेळावा भरवायचा असेल तर

१. यादी परीक्षेच्या निकालावरून करू नका, जनरल रजिस्टरावरून करा. हेडमास्तरांना लेखी विनंती करा.

२. मुलींना भावजयीकडून शोधा. कासार, शिंपी, जुनी शेजारीण यांनाही विचारा.

३. तारीख बायकांच्या सोयीची घ्या. वेळ अकरा ते चार, म्हणजे उजेडी घरी पोचता येते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, ते निमंत्रणातच लिहा. जाणे-येणे परवडते हे कळले की घरचे लवकर हो म्हणतात.

४. वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कोणी किती दिली ते वाचून दाखवू नका.

५. "सध्या काय करता?" हा प्रश्न व्यासपीठावरून विचारू नका. "शाळेतलं काय आठवतं?" हे विचारा. त्याचे उत्तर प्रत्येकीपाशी असते.

६. जेवण वाढायला बायकांना उठवू नका. आमच्याकडे मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी आणि मठ्ठा होता. वाढायला सगळे पुरुष. मठ्ठ्यात मीठ दोनदा पडले, पण आम्ही एक अक्षर बोललो नाही.

७. छातीवर लावायच्या चिठ्ठीवर माहेरचे नाव मोठे आणि सासरचे खाली लिहा.

या सातव्या सूचनेची ती चिठ्ठी मी अजून टाकलेली नाही. स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याच्या कपाटाला आतून चिकटवली आहे. सून एकदा म्हणाली, "आई, हे नाव किती छान आहे! आम्हांला कधी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "कोणी विचारलं नव्हतं."

राहिलेल्या चौघींचा शोध अजून चालू आहे. कासाराच्या म्हातारीने एकीचे गाव सांगितले आहे. पुढच्या भाऊबीजेच्या आत तिथे जाऊन यायचे, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.